कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हरचे टायर बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी नवी असते तोवर टायरकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस सर्व्हिसिंगवाला म्हणतो, "टायर गोटा झालेत, बदलून घ्या." आणि आपण गोंधळतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर सगळे टायर काळे आणि गोलच दिसतात. क्रॉसओव्हरवाल्यांचा गोंधळ थोडा जास्त असतो. गाडी दिसते जीपसारखी, पण आतून ती उंच केलेली कारच. टायर निवडताना या दोन्हींपैकी कुणाचं ऐकायचं, यावरच बहुतेक प्रश्न येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो : रूपाचं ऐकू नका, रोजच्या रस्त्याचं ऐका, आणि पैसे मोजायचेच असतील तर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकसाठी मोजा.

टायर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं असतात. त्यांच्या सरळ रेषेत वरच्या खाचेत बघितलं, की तळाशी आडवा उंचवटा दिसतो. त्याची उंची १.६ मिलिमीटर. बाकीचं रबर झिजून या उंचवट्याच्या पातळीला आलं, की टायर संपला. अनेक देशांत कायद्याची मर्यादाही हीच आहे.

पण मी तिथपर्यंत थांबत नाही. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. त्यांचं मुख्य काम म्हणजे टायरखालचं पाणी बाजूला काढणं. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तेवढ्या वेगात तळहाताएवढ्या जागेखालचं पाणी निघालं नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. मग स्टेअरिंग हलकं होतं आणि ब्रेक दाबून काही उपयोग नसतो. खाचा ३ मिलिमीटरवर आल्या की ओल्या रस्त्यावरचा फरक जाणवायला लागतो. म्हणून ३ ला टायरची चौकशी सुरू करावी आणि पावसाळा तोंडावर असेल तर बदलूनच टाकावेत.

खोली मोजायचं छोटं गेज मिळतं, ते घ्या. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजा : आतली कड, मध्य, बाहेरची कड. आतली कड उभ्याने दिसत नाही आणि नेमकी तीच खाल्लेली असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकामागे हात घातला तरी बोटांना कळतं.

साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, फुगा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर खोली मोजत बसू नका. फुगा म्हणजे आतल्या दोऱ्या तुटल्याची खूण. त्याला दुरुस्ती नाही.

नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण टायर जुने आहेत. चालतील का?

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते कडक होत जातं, मग बारीक भेगा पडतात. कमी चालणाऱ्या गाड्यांची हीच पंचाईत : टायर दिसायला नवे, पण पकड गेलेली.

वय ओळखायला साइडवॉलवर 'डीओटी'ने सुरू होणारा कोड शोधा. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. '२३१९' असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाच्या आधीचा आहे, त्याला हात जोडा. एक बारकावा : तारखेसकट पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू आत बसवलेली असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही.

पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावं आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढून टाकावं, असं बरेच टायर उत्पादक सांगतात. काही गाडी उत्पादक सहा वर्षांचीच मर्यादा घालतात. मी सहा-सात वर्षांत सोडतो.

टायरवर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ काय?

कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हरवर हमखास दिसणारा एक साइज घेऊ : २१५/६० आर १७ ९६ एच.

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साइडवॉलची उंची, पण मिलिमीटर नव्हेत, तर रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. मिशेलिनने १९४६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि आज कारचे जवळजवळ सगळे टायर रेडियलच असतात, त्यामुळे या अक्षरावर विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही. १७ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच कोंबणारा दुसरा धंदा मला माहीत नाही.

९६ हा लोड इंडेक्स. तो थेट किलो सांगत नाही, तक्त्यात बघावा लागतो : ९६ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ७१० किलो. ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०, ९८ म्हणजे ७५०, १०० म्हणजे ८००. शेवटचं अक्षर वेगाची मर्यादा : टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर.

आपल्या गाडीचा साइज खात्रीने कुठे कळतो?

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. चौकटीवर किंवा दरवाजाच्या कडेला स्टिकर असतो. त्यावर साइज आणि हवेचा दाब दोन्ही लिहिलेले असतात. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. सध्या लावलेल्या टायरवरून साइज उतरवू नका, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर. आधीच्या मालकाने काय हौस केली असेल सांगता येत नाही.

लोड इंडेक्स किंवा स्पीड रेटिंग कमी घेतलं तर चालतं का? "एवढ्या वेगाने कोण चालवतंय?"

लोड इंडेक्स कमी घ्यायचा नाही, विषय संपला. क्रॉसओव्हर त्याच मापाच्या हॅचबॅकपेक्षा जड असते. त्यात पाच माणसं, डिकी भरलेली आणि वर कॅरिअरवर बॅगा. तीच रुंदी आणि तोच रिम असलेले दोन टायर वेगवेगळ्या लोड इंडेक्सचे असू शकतात, म्हणून नुसता साइज जुळला म्हणून खूश होऊ नका. काही टायरवर 'एक्सएल' असतं. तो वाढीव भार पेलणारा टायर, मात्र तेवढा भार पेलायला त्यात हवाही जास्त लागते. गाडीला मुळात एक्सएल असेल तर एक्सएलच घ्या.

स्पीड रेटिंगचं असं आहे की ते नुसतं वेगाचं लेबल नव्हे. वरच्या रेटिंगचा टायर उष्णता जास्त सहन करतो आणि त्याची बांधणी साधारणपणे घट्ट असते. गाडीची वळणावरची वागणूक ते धरूनच ठरवलेली असते. एचच्या जागी व्ही घेतला तर हरकत नाही, एचच्या जागी टी नको.

थोडा रुंद किंवा मोठा टायर लावला तर गाडी भारी दिसेल. लावू का?

दिसेल. आता हिशेब बघा. २१५/६० आर १७ टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६९० मिलिमीटर येतो. त्याजागी २२५/६५ आर १७ लावला तर व्यास ७२४ होतो, म्हणजे ५ टक्के वाढ. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला व्यास बदललाय हे कळत नाही. मीटरवर १०० दिसत असताना गाडी पूर्वीपेक्षा ५ टक्के जास्त वेगाने पळत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात. गिअर जड झाल्यासारखे वाटतात, मायलेज पडतं आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात उतरलात की टायर आतल्या प्लास्टिकला घासल्याचा आवाज येतो.

रिम मोठं करून टायर पातळ करणं हा दुसरा प्रकार. २१५/५५ आर १८ चा व्यास ६९४ च्या आसपास येतो, म्हणजे मीटर बिघडत नाही. पण साइडवॉल १२९ वरून ११८ मिलिमीटरवर आली. ही गेलेली ११ मिलिमीटरची गादी खड्ड्यात आठवते. रिम वाकणं आणि साइडवॉलला फुगा येणं हे पातळ टायरचे नेहमीचे आजार. म्हणून मी उलट सुचवतो : कंपनीनेच तुमच्या मॉडेलला १७ आणि १८ असे दोन्ही पर्याय दिले असतील आणि रस्ते खराब असतील, तर १७ वर या. मात्र ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाच्या आतली ब्रेकची पकड, छोट्या रिममध्ये बसतो का, ते आधी बघून घ्या.

टायरचे प्रकार बरेच आहेत. क्रॉसओव्हरला कोणता?

इथेच रूप आणि काम यांची गल्लत होते.

टूरिंग टायर म्हणजे शांत, मऊ आणि जास्त टिकणारा. हायवे टायर, ज्याला एच/टी म्हणतात, तो त्याचाच जरा दणकट आणि एसयूव्हीच्या वजनासाठी बनवलेला भाऊ. ए/टी म्हणजे ऑल-टेरेन : मोठे ठोकळे, रुंद खाचा आणि दगडधोंड्यांना पुरी पडणारी जाड साइडवॉल. एम/टी चिखलासाठी. तो क्रॉसओव्हरवर लावू नका, लावलेला दिसला तर मालकाशी वाद घालू नका.

एका गाडीला मी ए/टी लावले होते. कारण एकच : उभी गाडी झकास दिसत होती. पहिल्याच लांबच्या प्रवासात ताशी ७० च्या पुढे एक संथ घुमणारा आवाज सुरू झाला. मागे बसलेली आई म्हणाली, "गाडीचं काहीतरी वाजतंय का रे?" मी बेअरिंग तपासून घेतलं. मेकॅनिकने चाक हाताने फिरवून बघितलं, मग टायरच्या ठोकळ्यांवर टिचकी मारली आणि हसला. वर मायलेज कमी झालं, आणि ओल्या डांबरावर आधीच्या टायरपेक्षा गाडी लवकर सरकायची. चार वर्षांत त्या टायरांनी खरी कच्ची वाट फार तर दहा वेळा पाहिली असेल.

याचा अर्थ ए/टी वाईट, असा नाही. रोज दहा-पंधरा किलोमीटर खडीचा किंवा शेताकडचा रस्ता असेल तर टूरिंग टायर तिथे कापला जातो आणि ए/टी टिकतो. अशांसाठी कारच्या बांधणीचे, थोडे सौम्य ए/टी मिळतात. ट्रकसाठीचे जड ए/टी मात्र क्रॉसओव्हरच्या सस्पेन्शनला झेपत नाहीत. वर्षभराचा प्रवास आठवून बघा. त्यातला नव्वद टक्के डांबर किंवा काँक्रीटवरचा असेल तर टूरिंग किंवा एच/टी घ्या.

समर, ऑल-सीझन, विंटर : यात आपल्याला काय लागू?

ते थंडीवर ठरतं. पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहत असेल तर समर टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते. बर्फ नियमित पडत असेल तर विंटर टायरला पर्याय नाही. बर्फ क्वचितच असेल तर ऑल-सीझन पुरतात. थंडी कधी तेवढी पडतच नसेल तर हा प्रश्न सोडून द्या.

बर्फात जाणाऱ्यांनी 'एम प्लस एस' या अक्षरांवर विसंबू नये. ती नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतःच छापतो. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचं फूल असं चित्र असेल, तर तो टायर बर्फावरची ठरलेली चाचणी पार करून आलेला असतो. आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बर्फात निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबायचं काम टायरचंच.

लेबलवरच्या ग्रेडवर किती विश्वास ठेवायचा?

दोन पद्धती जास्त दिसतात. युरोपच्या लेबलवर इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई असे वर्ग असतात, शिवाय आवाज डेसिबलमध्ये. मी आधी ओल्या पकडीचा रकाना बघतो. तिथे ए किंवा बी नसेल तर बाकीचं वाचत नाही. आवाजाचा आकडा गाडीच्या बाहेरचा असतो, तुमच्या कानापर्यंत किती येईल ते गाडीवरही अवलंबून आहे. तरी एक लक्षात ठेवा : ३ डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण ध्वनीची ऊर्जा तेवढ्यात दुप्पट होते.

दुसरी अमेरिकेची. साइडवॉलवरच 'ट्रेडवेअर ५००, ट्रॅक्शन ए, टेम्परेचर ए' असं कोरलेलं असतं. ट्रेडवेअरचा आकडा १०० मानलेल्या संदर्भ टायरच्या तुलनेत काढतात. चाचणी उत्पादक स्वतः करतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांत नाही. ६०० म्हणजे साठ हजार किलोमीटर, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ट्रॅक्शनचा ग्रेड ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारून काढतात, वळणावरची पकड त्यात येत नाही.

खूप टिकणारा टायर, खूप पकड असणारा टायर आणि खूप इंधन वाचवणारा टायर एकाच वेळी बनवणं अवघड असतं. सिलिका मिसळलेल्या रबराने हे भांडण बरंच मिटवलंय, पूर्ण नाही. तीनही गोष्टींत अव्वल असल्याची जाहिरात दिसली की मी किंमत आणि वजन बघतो. कुठेतरी तडजोड असतेच.

कंपनीतून आले होते तेच टायर परत घ्यावेत का?

आवडले असतील तर घ्या. पण ते एकमेव योग्य टायर आहेत, असं नाही. गाडी कंपनी टायर निवडताना मायलेजचे आकडे, आवाज आणि खर्च यांचा तिचा हिशेब लावते. त्यामुळे मूळ टायर कधीकधी इंधन वाचवणारा पण ओल्या रस्त्यावर मध्यम असतो. शिवाय दुकानात त्याच नावाने मिळणारा टायर आतून थोडा वेगळा असू शकतो. गाडीबरोबरच्या आवृत्तीला काही कंपन्या साइडवॉलवर वेगळी खूण देतात.

चारही बदलू, दोन बदलू, की एकच?

गाडी टू-व्हील-ड्राइव्ह असेल तर एकाच ॲक्सलवरचे, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन, बदलले तरी चालतात. एकच बदलायची वेळ आली, तर त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्याची झीज फार झालेली नसावी. आणि मॉडेल तेच असावं.

गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल तर मात्र जपून. समजा तीन टायर ३ मिलिमीटर झिजलेत आणि चौथा खड्ड्यात फुटला. नवा टायर बाकीच्यांपेक्षा व्यासाने ६ मिलिमीटर मोठा. ६९० मिलिमीटरचा टायर एका किलोमीटरला साधारण ४६१ फेरे घेतो, ६८४ चा ४६५. फरक फक्त चार फेऱ्यांचा. पण शंभर किलोमीटरच्या प्रवासात ते चारशे होतात, आणि हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलला किंवा क्लचच्या कपलिंगला सतत गिळावा लागतो. एरवी ते वळणापुरतं काम करतं, आता सरळ रस्त्यावरही करत राहतं. मग तेल तापतं, क्लच झिजतो आणि वाचवलेल्या तीन टायरांपेक्षा मोठं बिल येतं.

तुमच्या गाडीला किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा. काही कंपन्यांची मर्यादा फार कडक असते. बऱ्याच ठिकाणी चारही टायरांच्या खोलीत १.६ मिलिमीटरच्या आत फरक ठेवायला सांगतात. म्हणून ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांनी रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागा आपसांत बदलणं, चुकवू नये. चारही सारखे झिजले तर चारही एकदम बदलता येतात.

दोन नवे घेतले तर पुढे लावायचे की मागे?

मागे. यावर टायरवाल्यांशीही वाद होतात, कारण इंजिनाची ताकद पुढे, ब्रेकचा भार पुढे, मग चांगले टायर पुढे हवेत असं वाटणं साहजिक आहे. पण पाण्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, वेग उतरतो, पकड परत येते. मागची घसरली तर गाडी लट्टूसारखी फिरते आणि सावरायला सराईत हात लागतो. क्रॉसओव्हरचा गुरुत्वमध्य उंच, तिला फिरू न देणंच बरं.

स्वस्त, अनोळखी ब्रँड घ्यावा का?

सगळे स्वस्त टायर वाईट नसतात. कोरड्या रस्त्यावर, संथ वेगात बहुतेक टायर ठीकच वाटतात. फरक उघडा पडतो तो ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारताना, आणि तो अनुभव दुकानात घेता येत नाही. स्वतंत्र चाचणीत ओल्या ब्रेकिंगचे आकडे छापून आलेले असतील तर ते बघूनच ठरवा. बजेट खरंच कमी असेल तर मोठ्या कंपनीचा दुसऱ्या फळीतला ब्रँड बघा.

वापरलेले टायर घेऊ नका. आत कुठे पॅच आहे, कुठे दोरी तुटली आहे, हे बाहेरून कळत नाही.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड क्रॉसओव्हरसाठी वेगळे टायर लागतात?

सक्ती नाही, पण कारण आहे. बॅटरीमुळे गाडी जड असते आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा जास्त ऐकू येतो, म्हणून काही टायरांत आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. लोड इंडेक्स इथे दुप्पट काळजीने बघा. रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरताना होणारा अडथळा, जास्त असलेला टायर लावला तर एका चार्जमधले किलोमीटर लगेच कमी होतात आणि ते डॅशबोर्डवर दिसतं. पेट्रोल गाडीतही तेच होत असतं, फक्त आपण बघत नाही.

रन-फ्लॅट घ्यावेत का?

रन-फ्लॅट म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा टायर. गाडी मुळात त्यावर आली असेल आणि स्टेपनी नसेल तरच. साधारणपणे हवा गेल्यावर ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. बदल्यात टणक साइडवॉल आणि खडबडीत राइड.

पंक्चर काढलेला टायर किती भरवशाचा?

भोक नक्षीच्या मधल्या भागात असेल, ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि टायर रिमवरून काढून आतून पॅच-प्लग, म्हणजे भोकात गुटी आणि आतून पट्टी, बसवला असेल तर चांगला भरवशाचा. बाहेरून दोरी खुपसून केलेलं काम घरी पोचण्यापुरतं. खांद्यावर किंवा साइडवॉलवर भोक असेल तर टायर गेला.

बसवताना समोर उभं राहून काय बघायचं?

टायर रिमवर चढण्याआधी चारही तारखा वाचा, नंतर नाही. माझ्या गाडीला एकदा बसवून झाल्यावर लक्षात आलं की दोन टायर बाकीच्या दोघांपेक्षा तीन वर्षं जुने आहेत, आणि कोडची बाजू आत गेलेली. दुकानदाराने सरळ सांगितलं, बसवलेला माल परत नाही. वर्षभर जुना, सावलीत ठेवलेला टायर चालतो. त्यापुढे किंमत कमी करून मागा, नाहीतर दुसरा काढायला सांगा.

रबरी व्हॉल्व्ह नवे घ्या. आत टायर प्रेशर सेन्सर असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण टायर उचकटताना तो मोडू शकतो. त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते, जुना झाला असेल तर याच वेळी बदललेला बरा.

नक्षीला दिशा असेल तर बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने हवा. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर हवी. ही चूक होते, आणि घाईच्या दिवशी हमखास होते. नव्या टायरवर पिवळा ठिपका दिसला तर ती टायरची सर्वांत हलकी जागा. ती व्हॉल्व्हशेजारी आली की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात.

बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, कराच. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासून घ्या, विशेषतः जुने टायर एका बाजूने झिजले असतील तर. नाहीतर नवेही तसेच खाल्ले जातील. नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरच लावणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा. नुसती एअर गन लावून सोडली, तर पुढच्या वेळी रस्त्याकडेला तो नट तुमच्याच्याने सुटणार नाही. ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा.

हवा किती भरायची? टायरवर ५१ पीएसआय लिहिलंय.

ती टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीचा दाब नव्हे. गाडीसाठीचा दाब दरवाजाच्या स्टिकरवर असतो, आणि बऱ्याचदा पूर्ण भारासाठी वेगळा आकडा असतो. टायर थंड असताना मोजा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआय कमी होतो, म्हणून थंडीच्या पहिल्या सकाळी सेन्सरचा दिवा लागतो.

कमी हवेचा टायर वाकतो, तापतो आणि वेगात उघडतो. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. ते मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते आणि वेगात त्यांची नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या. तो वाद बांधणीपासून ठरवलेल्या कमी दाबापर्यंत गेला, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्यातून पुढे तिथल्या गाड्यांत प्रेशर सेन्सर सक्तीचे झाले.

नायट्रोजन? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर भरा.

नवे टायर लावल्यावर गाडी वेगळी का वाटते?

पहिले काहीशे किलोमीटर टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, साच्यातून सुटायला लावलेल्या पदार्थाचा अंशही राहतो. तोवर जोरात वळणं आणि उशिरा ब्रेक टाळा. नक्षी खोल असल्याने ठोकळे जरा लवचीक असतात, म्हणून स्टेअरिंग मऊ वाटतं आणि मायलेजही थोडं पडतं. दोन्ही हळूहळू सुधारतं. स्टेअरिंग थरथरत असेल तर मात्र वाट बघू नका, बॅलन्सिंग पुन्हा करायला लावा.

रोटेशन किती किलोमीटरला?

आठ ते दहा हजारांना. दिशा असलेले टायर त्याच बाजूला पुढे-मागे करतात. प्रत्येक वेळी झिजेचा नमुनाही वाचा : मध्य झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट, आणि हाताला लाटांसारखे उंचसखल लागलं तर शॉकॲब्सॉर्बर तपासा.

स्टेपनीचं काय करायचं?

आधी ती आहे का बघा. बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये तिच्याजागी सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. बाटलीवर मुदत छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावरच वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ८०. तिचा दाब बहुतेक ६० पीएसआय असतो, म्हणजे चार टायरांच्या जवळपास दुप्पट. हवा भरणारा सवयीने तीस-पस्तीस भरून मोकळा होतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला ती कोणत्या ॲक्सलवर लावायची आणि किती अंतर चालवायची, ते मॅन्युअलमध्ये असतं. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणून स्टेपनी मागे लावा, असंही काही कंपन्या सांगतात.

नवे टायर लावायला गेलात की तिथेच डिकी रिकामी करून स्टेपनी बाहेर काढा, तारीख वाचा आणि हवा तपासा. माझी नऊ वर्षं जुनी निघाली होती, हवा शून्य.